शिलावर्तुळे आणि प्रवाशांची दृष्टी : नागपूर परिसरातील काही वृत्तान्तांचा विचार

नागपूरच्या आसपास जी प्राचीन शिलावर्तुळे आहेत त्यांविषयीची आपली माहिती दोन प्रकारच्या लेखनातून आलेली आहे. एक उत्खननांचे अहवाल, आणि दुसरे त्यांच्याही आधी जवळजवळ शंभर वर्षे ही वर्तुळे पाहावयास गेलेल्या परकीय अधिकाऱ्यांचे, सैनिकांचे व मिशनऱ्यांचे वृत्तान्त. पहिल्या प्रकारचे लेखन आपण अभ्यासाचा विषय म्हणून काळजीपूर्वक वाचतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र दोन सोप्या रीती रूढ झालेल्या दिसतात. प्रबंधाच्या उपोद्घातात 'प्रथम शोध' म्हणून त्याचा नामोल्लेख करावयाचा व पुढे जावयाचे, ही एक. साम्राज्यकालीन पूर्वग्रहाचा नमुना म्हणून ते बाजूस सारावयाचे, ही दुसरी. दोहोंतही मूळ मजकूर वाचण्याचे कष्ट वाचतात. प्रस्तुत निबंधात हे वृत्तान्त प्रवासवर्णन ह्या दृष्टीने तपासण्याचा विचार आहे. हा प्रश्न केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नाही. शेत मोकळे करण्यासाठी, बांधासाठी, रस्त्याच्या खडीसाठी ज्या वर्तुळांचे दगड हलले त्यांच्यापुरता हा जुना मजकूर हाच आता साक्षीदार उरला आहे, आणि साक्षीदार पक्षपाती आहे एवढे सिद्ध झाल्याने त्याची साक्ष निकालात निघत नाही.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. काटोल रस्त्यावर शहरापासून जवळच जुनापाणी येथे सुमारे तीनशे वर्तुळे नोंदलेली आहेत. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड ही त्याच संस्कृतीची इतर प्रसिद्ध स्थळे. इंग्लंडातील स्टोनहेंजची चित्रे पाहून येथे येणाऱ्याची निराशाच होते. येथे पुरुषभर उंचीचे घडीव स्तंभ नाहीत, त्यांवर आडवे टाकलेले पाषाण नाहीत. काळ्या दगडाचे गोटे आणि ओबडधोबड धोंडे गोलाकार मांडलेले, आत माती व लहान दगडांचा किंचित उंचवटा, एवढेच दृश्य. पावसाळ्याच्या अखेरीस गवत वाढले म्हणजे माहीतगाराखेरीज इतरांच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणजेच हे स्थळ पाहणाऱ्याला स्वतः होऊन फारसे काही देत नाही. जो पाहावयास येतो त्याने काहीतरी बरोबर आणलेले असावे लागते. आमच्या मते ह्या वृत्तान्तांच्या समीक्षेची किल्ली येथे आहे.

ह्या भेटींपैकी सर्वांत करुण भेट १८६३ मधील. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात राहिलेले भूगर्भशास्त्राचे व्यासंगी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी रिचर्ड टेंपल ह्यांच्यासमवेत ते टाकळघाटची वर्तुळे पाहावयास गेले. टेंपल पुढे बोरीस परतले. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले, आणि सायंकाळी घोड्यावरून येत असता पुराने फुगलेल्या नाल्यात बुडाले. त्यांचे कागद टेंपल ह्यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या शेवटच्या भेटीचा वृत्तान्त हिस्लॉपना अर्थातच लिहिता आला नाही. तो आपणांस टेंपल ह्यांच्याकडून मिळतो. हेच हिस्लॉप गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडीत उतरून घेणारे होते, आणि ते गीत ह्याच ग्रंथात छापले गेले. जिवंत माणसाच्या तोंडची भाषा अक्षरशः टिपण्याची जी शिस्त त्यांनी पाळली, ती दगडांच्या बाबतीत त्या मंडळींत कोणीच पाळली नाही. दगड समोर आले की लेखणी लगेच 'सिथियन अवशेष' असे लिहून मोकळी होई. गोंडांना स्वतःचे शब्द होते; दगडांना ते नव्हते, म्हणून ते बाहेरून पुरविण्यात आले.

हे शब्द आले कोठून, ह्याची चौकशी केली तर मोठी मौज आढळते. इंग्लंडातील शिलावर्तुळे ड्रुइड पुरोहितांची असावीत ही कल्पना सतराव्या शतकात जॉन ऑब्री ह्यांनी मांडली आणि १७४० मधील आपल्या ग्रंथाने विल्यम स्ट्यूक्ली ह्यांनी ती लोकप्रिय केली. स्टोनहेंज ड्रुइडांच्या काळाहून पुष्कळच जुने आहे हे आता सर्वमान्य आहे. नागपूरला येणारा विद्वान प्रवासी आपल्याच घरच्या दगडांविषयीची संशयास्पद उपपत्ती घेऊन येथे आला होता, आणि एका अज्ञाताने दुसऱ्या अज्ञाताचा उलगडा करीत होता. फर्ग्युसन ह्यांनी १८७२ मध्ये जगभरच्या अशा वास्तूंवर ग्रंथ लिहून त्या समजतात तितक्या जुन्या नाहीत असा उलट पक्ष मांडला. तोही टिकला नाही. परंतु दोन्ही पक्षांची रीत एकच होती : भारतातील दगड युरोपातील वादाचे पुरावे म्हणून वापरावयाचे.

१८६९ मध्ये पीअर्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने कामठीजवळच्या वारेगाव येथील एका वर्तुळाच्या खोदकामाचे वृत्त प्रसिद्ध केले. त्याविषयी येथे अधिक सांगण्याचे कारण नाही. खरा विचार करावयास हवा तो रिव्हेट-कार्नॅक ह्यांच्या १८७९ मधील निबंधाचा. हे गृहस्थ मध्यप्रांताचे कापूस-आयुक्त होते. कापसाच्या कामानिमित्त गावोगाव फिरणारा अधिकारी आणि दगडांचा हौशी संशोधक, अशी दुहेरी भूमिका त्यांच्या लेखनात सतत जाणवते. जुनापाणीची काही वर्तुळे त्यांनी खोदली; आत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, भाल्याची पाती, घोड्याच्या लगामाच्या कड्या, बांगड्या आणि मृद्भांडी मिळाली. वारेगाव व जुनापाणी येथील काही वस्तू पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. निबंधाचा सारा रोख येथील थडगी आणि ब्रिटनमधील थडगी ह्यांचे साम्य दाखविण्याकडे आहे.

अशा लेखनास लावण्याजोगी एक साधी कसोटी आहे. मजकुरातील सर्व उपमा व तुलना वजा कराव्यात आणि काय शिल्लक राहते ते पाहावे. पुष्कळशा प्रवासवर्णनांत काहीच राहत नाही. कार्नॅक ह्यांच्या निबंधात राहते, आणि जे राहते त्यात सर्वांत मोलाची नोंद आहे ती वर्तुळातील काही धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची व त्यांच्या ओळींची. येथेच आमच्या कसोटीची मर्यादाही उघड होते. हे खळगे त्यांना दिसले ते कशामुळे? जेम्स सिंप्सन ह्यांनी स्कॉटलंड व इंग्लंडमधील अशाच खळग्यांवर १८६७ मध्ये ग्रंथ लिहिला होता, आणि तो कार्नॅक ह्यांच्या डोळ्यांपुढे होता. पूर्वकल्पना नसती तर बोटभर खोलीच्या त्या खुणा पावसाने झिजलेला दगड म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या असत्या. ज्या तुलनेने त्यांचा निष्कर्ष बिघडविला तिनेच त्यांची नजर धारदार केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर ह्यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हाही ह्या खळग्यांकडे लक्ष दिले गेले. एकविसाव्या शतकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्यांच्या दिशांचा संबंध आकाशदर्शनाशी असू शकेल काय हे तपासले. त्या उपपत्तीचे काय व्हावयाचे ते होवो. चर्चेचा विषय कापूस-आयुक्तांच्या टिपणाने सुरू झाला, हे नाकारता येत नाही. पूर्वग्रह म्हणून सबंध निबंध टाकून देणारा वाचक ही नोंदही टाकून देतो.

तुलनेचा मोह आणि निरीक्षणाची शिस्त एकाच माणसात नांदू शकतात ह्याचे उत्तम उदाहरण विदर्भाबाहेरचे आहे. ठगाच्या आत्मकथनाची कादंबरी लिहिणारे मेडोज टेलर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोरापूरच्या प्रदेशातील अशी थडगी खोदली. सिथियन व ड्रुइड ह्यांच्या कल्पनांपासून तेही मुक्त नव्हते. परंतु खोदताना थर कसे लागले ह्याची छेदचित्रे त्यांनी काढली, आणि शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी त्यांची प्रशंसा केली. टेलर ह्यांच्या उपपत्ती आज कोणी वाचत नाही. चित्रे वाचता येतात. कार्नॅक ह्यांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. कोणती वस्तू कोणत्या खोलीवर, कोणत्या अस्थींच्या जवळ मिळाली, ह्या प्रश्नापाशी त्यांचा निबंध आपणांस सोडून देतो, आणि जे खोदले गेले ते पुन्हा खोदता येत नाही.

आता स्थानिक परंपरेचा विचार. गोंडांच्या पूर्वी येथे गवळ्यांचे राज्य होते आणि ही वर्तुळे त्या गवळ्यांच्या तळांची, अशी समजूत नागपूर भागात होती. इंग्रजी गॅझेटियरनी ती नोंदली, परंतु लोकसमजूत म्हणूनच. अलीकडे ह्या परंपरेला विजयी ठरविण्याची एक प्रवृत्ती दिसते. ही वर्तुळे रचणाऱ्यांच्या जीवनात पशुपालनाला मोठे स्थान असावे असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात, म्हणून गवळ्यांची कथा खरी आणि साहेबांची खोटी, असा हा युक्तिवाद. तो आम्हांस मान्य नाही. वर्तुळे ही दफनस्थाने आहेत, तळ नव्हेत. गुराखी गोठाण पाहत आला होता म्हणून त्याने दगडांत गोठाण पाहिले; कार्नॅक ब्रिटनमधील थडगी पाहून आले होते म्हणून त्यांनी थडगे पाहिले, आणि ह्या एका मुद्द्यावर ते बरोबर ठरले. दोघांची रीत एकच आहे. फरक आहे तो परिणामात. गुराख्याच्या समजुतीने एकही दगड हलला नाही.

दगडांपाशी आज काय चालते हे विचारणारा प्रवासी यावयास बराच काळ जावा लागला. दा. ध. कोसंबी पुणे जिल्ह्यात पायी हिंडून बृहदश्म अवशेष पाहत, तेव्हा दगडाला शेंदूर कोण लावतो, कोणत्या देवतेच्या नावाने लावतो, हे ते आवर्जून विचारीत. त्यांचे निष्कर्ष वादग्रस्त आहेत. प्रश्न मात्र नवा होता. विदर्भातील वर्तुळांविषयी त्या तोडीचे स्थळवर्णन मराठीत आमच्या पाहण्यात नाही. आजचे पर्यटनलेख बहुधा 'विदर्भाचे स्टोनहेंज' ह्या शब्दांनी आरंभ करतात आणि कार्नॅक ह्यांनी केलेली तुलनाच, त्यांचे निरीक्षण वगळून, पुन्हा करतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला ब्रिटन आठवावे हे स्वाभाविक होते. काटोल नाक्यावरून दुचाकीने येणाऱ्या नागपूरकराला ते का आठवावे, हे समजत नाही. त्याला शेजारच्या शेतातला बांध आठवला असता, त्या बांधात कोणते धोंडे गेले आहेत हे त्याने पाहिले असते, तर वाचकाच्या हाती काहीतरी पडले असते.

ह्या सर्व प्रवाशांच्या दृष्टीतून निसटलेली एक गोष्ट टाकळघाटलाच होती. १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव ह्यांनी टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. खाप्याला वर्तुळे खोदली गेली, आणि टाकळघाटच्या पांढरीत ज्या लोकांनी ती वर्तुळे रचली त्यांचीच वस्ती सापडली. कार्बन-चाचणीने तिचा काळ इसवी सनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास येतो. वर्तुळांकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर ही पांढर होती. तीवर गाव वसलेले होते, म्हणून तेथे पाहण्यासारखे काही असेल असे कोणास वाटले नाही. १८६३ च्या त्या दुपारी हिस्लॉप गावात थांबले ते शाळेतल्या मुलांसाठी.