शनिवार-रविवारचं ग्राफिक्स

वीस-दहापासून तीस-अठरापर्यंत. भारतात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्या कुणाला हे आकडे सांगून बघा, बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येईल. हर्न आणि बेकर यांच्या ग्राफिक्सच्या पाठ्यपुस्तकात ब्रेसनहॅमची रेषा याच दोन बिंदूंमध्ये काढून दाखवली आहे. तिथून ते उदाहरण नोट्समध्ये गेलं, गाइडात गेलं, प्रश्नपत्रिकेत गेलं. डेल्टा एक्स १०, डेल्टा वाय ८, म्हणून पहिला निर्णयांक ६. शून्याहून मोठा आहे, तर एक घर वर चढा. पुढचा २, मग उणे २, मग १४. ही सगळी माळ मी तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवली होती. बाहेरून आलेल्या सरांनी मान हलवली आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं. ही रेषा अशीच का काढायची, सरळ समीकरणात एक्स घालून वाय का काढायचा नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी इथे अमेरिकेत ग्राफिक्सच्या पहिल्या कोर्सची लॅब घेते, आणि दर सेमिस्टरला निम्मा वर्ग एकच पुस्तक वाचून येतो: पीटर शर्ली यांचं 'रे ट्रेसिंग इन वन वीकेंड'. २०१६ साली आलेलं, आता इंटरनेटवर फुकट असलेलं. नंतरच्या आवृत्त्यांवर ट्रेव्हर डेव्हिड ब्लॅक आणि स्टीव्ह हॉलाश यांचीही नावं आहेत. तुमच्यापैकी जे एमएसला आलेत त्यांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं असेल, की कोर्सचं पुस्तक राहू दे, आधी हे वाच. सल्ला चांगला आहे. पण हे पुस्तक नक्की काय शिकवतं आणि काय शिकवत नाही, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळे शेवटचं चित्र दाखवतात.

आधी काय शिकवतं ते. पहिल्या काही पानांत तुम्ही एक साधी मजकुराची फाइल लिहिता. पीपीएम नावाचा हा प्रकार म्हणजे वर लांबी-रुंदी आणि खाली प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे, बस. लायब्ररी नाही, ड्रायव्हर नाही. ज्यांनी डॉसबॉक्समध्ये टर्बो सी उघडून इनिटग्राफला बीजीआय फोल्डरचा पत्ता देता देता प्रॅक्टिकलचा अर्धा तास घालवलाय, त्यांना यातलं सुख कळेल. चित्र म्हणजे आकड्यांची यादी, एवढी एकच गोष्ट हातात येते. मला ती पदवी घेऊनही नीट कळलेली नव्हती. माझ्यासाठी चित्र म्हणजे ६४० बाय ४८० च्या काळ्या पडद्यावर पुटपिक्सेलने उमटणारं काहीतरी होतं.

मग येतो गोळा. डोळ्यातून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडायचा आणि तो गोळ्याला लागतो का ते बघायचं. किरणाचं समीकरण गोळ्याच्या समीकरणात घातलं की एक वर्गसमीकरण मिळतं, आणि विवेचक काढला की उत्तर मिळतं. हो, तोच विवेचक, दहावीच्या बीजगणितातला, बी वर्ग उणे चार एसी. मुळे वास्तव आणि असमान असतील तर किरण गोळ्यातून आरपार गेला. समान असतील तर नुसता चाटून गेला. वास्तव नसतील तर चुकला, मागचं आकाश रंगवा. दहावीला 'मुळांचे स्वरूप ठरवा' हा दोन मार्कांचा प्रश्न आपण किती वेळा सोडवला असेल! त्या तीन शक्यतांना आकार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलाला मी हे इंग्रजीत समजावत होते आणि तो गप्प होता. 'अरे, विवेचक' म्हटल्यावर त्याने पुढचं सगळं स्वतःच लिहिलं.

पुस्तकाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ते चुकलेलं चित्र दाखवतं. काचेच्या गोळ्याच्या प्रकरणात पहिल्या प्रयत्नाचं चित्र छापलं आहे आणि शर्ली वाचकाला विचारतात, हे बरोबर आहे का? काचेचे गोळे तसेही विचित्रच दिसतात. पण नाही, चूक आहे. काचेतून पलीकडचं जग उलटं दिसायला हवं. सगळ्यात जास्त छळतो तो वक्रीभवन झालेला किरणच, हेही ते मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत लेखक कधी चुकत नाही. त्यामुळे विद्यार्थी चुकला की त्याला वाटतं, आपणच ढ.

आता तक्रारी.

पहिली तक्रार लहान आहे. 'वीकेंड' कुणाचा? सी प्लस प्लस हातात बसलेलं असेल आणि सदिशांचे गुणाकार लक्षात असतील, तर दोन दिवस पुरतात. नसेल तर तीन आठवडे लागतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण नाव वाचून आलेला मुलगा सोमवारी लॅबमध्ये मान खाली घालून बसतो, तेव्हा मला त्या नावाचा राग येतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. या पुस्तकात एकही त्रिकोण नाही. सगळं जग गोळ्यांचं. खेळात, सिनेमात, नकाशात तुम्ही जे बघता ते जवळपास सगळं त्रिकोणांचं बनलेलं असतं, आणि खेळात ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवलं जातं. ते कसं? त्रिकोण पडद्यावर सपाट पाडायचा, त्याच्याखाली येणारे पिक्सेल भरायचे, आणि कोण पुढे कोण मागे हे ठरवायला प्रत्येक पिक्सेलपाशी खोलीचा एक आकडा जपून ठेवायचा. हा झेड-बफर एड कॅटमुल यांच्या १९७४ च्या युटा विद्यापीठातल्या प्रबंधात आहे, आणि आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. या पुस्तकात तो नाही. चार बाय चारच्या मॅट्रिक्स नाहीत, चौथा निर्देशक नाही. हे शर्लींना सुचलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण 'फंडामेंटल्स ऑफ कॉम्प्युटर ग्राफिक्स' हे जाडजूड पाठ्यपुस्तकही त्यांचंच आहे, २००२ पासूनचं, आणि त्यात हे सगळं आहे. म्हणजे छोट्या पुस्तकात त्यांनी ते मुद्दाम गाळलं. ती त्यांची निवड मला मान्य आहे. पण छोटं पुस्तक संपवून 'मला ग्राफिक्सचा पाया येतो' म्हणणारे विद्यार्थी जेव्हा मॅट्रिक्सचा गुणाकार बघून दचकतात, तेव्हा अडचण लक्षात येते.

तिसरी तक्रार चित्राबद्दलची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या पुस्तकात प्रत्येक टप्प्याला बक्षीस म्हणून एक सुंदर चित्र मिळतं. चित्र सुंदर आलं की माणूस पुढे जातो. पण सुंदर म्हणजे बरोबर नव्हे, आणि याचा पुरावा पुस्तकातच आहे. खडूसारखा मंद पृष्ठभाग प्रकाश कसा विखुरतो याचा नियम लॅम्बर्टने १७६० साली मांडला. विखुरलेल्या किरणांची दिशा कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात निवडायला हवी. पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत किरणाची नवी दिशा ठरवायला गोळ्याच्या पोटातला कुठलाही बिंदू निवडत. तसं केलं की प्रमाण कोसाइनच्या घनाचं होतं, किरण लंबाजवळ जास्त गोळा होतात आणि गोळे जरा काळवंडतात. चित्र छान दिसायचं! कित्येकांनी ते आपापल्या मशीनवर काढलं आणि मिरवलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये बिंदू गोळ्याच्या पृष्ठभागावर आणून हे दुरुस्त केलं आणि फरक उघड समजावून सांगितला. त्या प्रामाणिकपणाला माझा सलाम. पण डोळ्यांना चूक दिसत नाही, ती गणितात शोधावी लागते, हा धडा पुस्तकात एका छोट्या उपविभागापुरता येतो. तो पुस्तकभर हवा होता.

लॅबमध्ये मी एक प्रश्न ठरवून विचारते. किरण कुठे लागला ते शोधताना शून्यापासून न शोधता ०.००१ पासून का शोधतो? प्रोग्राम चालतोय, चित्र झकास आहे, आणि बऱ्याच जणांना सांगता येत नाही. 'पुस्तकात तसं आहे.' पुस्तकात कारणही आहे: दशांशांच्या गोळाबेरजेमुळे किरण जिथून निघाला त्याच पृष्ठभागाला पुन्हा लागतो आणि चित्रावर काळे ठिपके उठतात. त्याला इंग्रजीत चक्क मुरुमांचं नाव दिलंय. पण त्या ०.००१ कडे बघून 'तसं आहे' म्हणणारी मुलगी आणि तोंडी परीक्षेत निर्णयांक म्हणणारी मी, आमच्यात फरक काय? तिचं चित्र रंगीत आहे, एवढाच.

आणि इथे मला ब्रेसनहॅमकडे परत यावं लागतं. शर्लींच्या पुस्तकाचं शेवटचं चित्र १२०० पिक्सेल रुंद, ६७५ उंच, आणि नव्या आवृत्तीत प्रत्येक पिक्सेलला ५०० किरण. गुणाकार करून बघा: साडेचाळीस कोटी किरण, तेही नुसते डोळ्यातून निघालेले. देखाव्यात ४८० च्या आसपास गोळे आहेत आणि हा प्रोग्राम प्रत्येक किरणासाठी प्रत्येक गोळ्याला विचारतो, तुला लागला का? म्हणजे पहिल्याच टप्प्याला वीस हजार कोटींच्या घरात विवेचक. मग किरण उसळून पुढे जातो आणि पुन्हा तेच. लॅपटॉपचा पंखा भिरभिरतो आणि विद्यार्थी म्हणतात, रात्रभर लावून ठेवू.

जॅक ब्रेसनहॅम १९६२ साली आयबीएममध्ये होते. समोर प्लॉटर होता, कागदावर पेनने रेघा ओढणारं यंत्र. त्या काळच्या मशीनवर गुणाकार-भागाकार महाग, अपूर्णांक त्याहून महाग. म्हणून त्यांनी अशी युक्ती काढली की रेषेवरच्या प्रत्येक पावलाला नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरावी. १९६५ साली ती छापून आली. निर्णयांक ६ ही त्या काटकसरीची खूण होती. आमच्या अभ्यासक्रमाने युक्ती ठेवली आणि काटकसर टाकून दिली. रेषा काढायची साडेतीन पानं पाठ झाली; महाग काय आणि स्वस्त काय हा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता. शर्लींचं पुस्तक वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचतं. खर्चाची गोष्ट ते दुसऱ्या भागावर, 'द नेक्स्ट वीक'वर ढकलतं. तिथे गोळ्यांना पेट्यांमध्ये बंद करून, पेटीलाच किरण लागला नाही तर आतल्यांना न विचारता पुढे जायची सोय येते. पण माझ्या वर्गातले बहुतेक जण दुसरा भाग उघडत नाहीत. पहिल्याचं चित्र मिळालेलं असतं.

तरी मला निवडायचं असेल तर मी हेच पुस्तक हातात देईन, जुना अभ्यासक्रम नाही. पाठ केलेल्या निर्णयांकातून कुतूहल निघायला मला पाच-सहा वर्षं लागली, आणि तेही देश बदलल्यावर. इथे निदान मुलं स्वतःचं काहीतरी काढून बघतात. फक्त आता मी पहिल्याच तासाला फळ्यावर वीस-दहा आणि तीस-अठरा लिहिते आणि दोन्ही प्रकारे रेषा काढायला लावते, किती गुणाकार झाले ते मोजून. भारतातून आलेली मुलं हसतात. 'मॅम, हे तर आम्हाला येतं.' मी म्हणते, मोजा.

मागच्या सेमिस्टरला एका मुलीने शेवटचं चित्र रात्रभर लावलं होतं. सकाळी डोळे चोळत आली. चित्र झालं का विचारलं, तर म्हणाली, अजून नाही. मग वही उघडून तिने गोळ्यांचा एक पुंजका काढला, त्याभोवती चौकोन आखला आणि विचारलं, या चौकोनालाच किरण लागला नाही, तर आतल्या सगळ्यांना विचारायचं कशाला?