लाभार्थी मोजले, पण छेद कुठंय?

समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करायची म्हटलं की एक शीर्षक हमखास सुचतं : 'दिव्यांग पुनर्वसनात स्वयंसेवी संस्थांचे योगदान, विशेष संदर्भ बारामती व इंदापूर'. सुचणारच. बारामतीत संस्थांची परंपरा जुनी आहे. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट 1971 चा, विद्या प्रतिष्ठान 1972 चं. पुढे आरोग्य शिबिरं, श्रवणयंत्रं, तीनचाकी सायकली, युवक प्रशिक्षण अशी कामं करणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या संस्था या भागात आल्या. अहवाल छापील मिळतो, पदाधिकारी वेळ देतात, चहा होतो. दोन महिन्यांत प्रकरण चौथे तयार!

नेमकं हेच प्रकरण चौथे मला खटकतं. संस्थांचं काम खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे.

अशा अहवालांतलं ठरलेलं वाक्य बघा : 'शिबिरात अमुक इतक्या लाभार्थ्यांना साहित्य वाटप करण्यात आले.' हा आकडा म्हणजे अपूर्णांकातला फक्त अंश. छेद कुठे आहे? किती जणांना गरज होती? शिबिरापर्यंत किती पोचले? आलेल्यांपैकी किती जण 'दाखला नाही' म्हणून परत गेले? अहवालात हे सहसा नसतं, आणि नसणं स्वाभाविक आहे. अहवाल देणगीदारासाठी आणि धर्मादाय आयुक्तांसाठी लिहिलेला असतो, तुमच्या गृहीतकासाठी नाही. पण आपण तो आकडा उचलतो, त्याची टक्केवारी काढतो (कशाची टक्केवारी?) आणि 'संस्थेचे योगदान लक्षणीय आहे' असा निष्कर्ष ठोकून देतो.

बरं, छेद काढायला गेलात तर तोही सरळ मिळत नाही. 2011 च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांच्या थोडी वर होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या दिव्यांगांचं प्रमाण साधारण 2.6 टक्के आलं. हे प्रमाण इथे लावलं तर एकवीस हजारांच्या आसपास माणसं होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा जागतिक अंदाज 16 टक्के आहे. तो लावला तर सव्वा लाखाच्या वर! गावं तीच, माणसं तीच, छेद मात्र सहापट. दोन्ही आकडे उसनेच आहेत, म्हणून कुठलाही थेट वापरू नका. पण फरक का पडला ते समजून घ्या. जनगणनेनं आठ प्रकार विचारले होते. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आले : सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन, विशिष्ट अध्ययन अक्षमता वगैरे. 'घरात कोणी अपंग आहे का?' असं विचारलं की लोक नाही म्हणतात. 'चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालायला, पायऱ्या चढायला किती त्रास होतो?' असं विचारलं की आजीबाई सांगू लागतात. वॉशिंग्टन ग्रुपची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली अशीच आहे. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ती नक्की बघा.

आता शिबिराला कोण येतं? 'बारामती' म्हटलं की डोळ्यांसमोर नीरा डाव्या कालव्याचा ऊस येतो. पण सुपे, मोरगावकडचा भाग जिरायती आहे. इंदापुरात एका बाजूला उजनीच्या फुगवट्यावरची भिगवण, पळसदेवकडची गावं, तर दुसऱ्या बाजूला कालव्याच्या शेपटाला पाण्याची वाट बघणारी बावीस गावं. शहरात शिबिर ठेवलं की एसटी आणि सोबतीला माणूस ज्याला मिळतो तो येतो. चालता न येणाऱ्याला सोबत आणायची म्हणजे घरातल्या कुणाचा तरी रोज बुडतो. म्हणजे ज्याची अडचण सगळ्यात मोठी, तोच नमुन्यातून गळण्याची शक्यता जास्त. आणि ऊसतोड कामगार? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात हंगामात बीड आणि इतर जिल्ह्यांतून कुटुंबं येतात. त्यांच्या कोपीवरचं न ऐकू येणारं मूल इथल्या यादीत नसतं, कारण रेशनकार्ड गावाकडचं. गावाकडे सर्व्हे होतो तेव्हा ते इथे असतं. मे महिन्यात फील्डवर्क केलंत तर ते तुमच्याही यादीत येणार नाही.

छेद काढायचा एक स्वस्त मार्ग आहे : दोन स्वतंत्र याद्या जुळवणे. ग्रामपंचायतीची पाच टक्के दिव्यांग निधीची यादी, तहसीलची संजय गांधी निराधार योजनेची यादी, शाळेतल्या विशेष शिक्षकांची यादी, संस्थेची यादी. समजा एका गावात एका यादीत 60 नावं, दुसरीत 50, आणि 20 नावं दोन्हीकडे. तर अंदाज 60 गुणिले 50 भागिले 20, म्हणजे 150. याद्यांत मिळून वेगळी नावं 90 आहेत. म्हणजे 60 जण कुठेच नाहीत! हे आकडे उदाहरणापुरते आहेत आणि पद्धतीला एक अटही आहे. याद्या खरोखर स्वतंत्र हव्यात. दोन्ही याद्या एकाच आशाताईंनी दिल्या असतील तर नावं जास्त जुळतील आणि अंदाज कमी येईल. संस्थेला 'यादी कुठून आणली?' हे विचारायचं ते यासाठी. नावं मिळाली तर ती गाइडलासुद्धा पाठवू नका, सांकेतिक क्रमांक द्या.

संस्था स्वतः छेद मोजू शकतात का? गडचिरोलीच्या 'सर्च'नं मोजला. 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा, 47 गावांत ती नाही, आणि दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची नोंद. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू सेवेच्या गावांत 25.5, तर उरलेल्या गावांत 59.6. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांनी किती बाळं तपासली एवढंच सांगितलं असतं तर जगानं का ऐकलं असतं? आपल्याच जिल्ह्यात शिरूरच्या वढूला केईएमचं संशोधन केंद्र 2002 पासून गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवत आलंय. प्रत्येक संस्थेनं एवढं करावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल, त्याला पैसा आणि माणसं लागतात. पण पीएचडीच्या तीन-चार वर्षांत पाच गावांचा छेद एका विद्यार्थ्याला काढता येतो.

युवक विकासाचं तर आणखी सोपं करून ठेवलंय. 'प्रशिक्षित युवक' मोजतात. प्रशिक्षण न घेतलेल्या तशाच पोरांचं काय झालं, कुणी विचारत नाही.

वाटपानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. श्रवणयंत्राची बॅटरी साधारण आठवडा-दोन आठवडे चालते. लहान मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी मारतं आणि मूल ते काढून टाकतं. तेव्हा अहवालातला वाटपाचा आकडा वहीत उतरवलात की शेजारी तीन रकाने आखा : सहा महिन्यांनी यंत्र कानात आहे का, बॅटरी कुठून आणतात, साचा शेवटचा कधी बदलला. उत्तरं घरी जाऊन घ्या, शक्यतो मुलाची आई घरी असेल तेव्हा. आणि यंत्र कपाटात सापडलं तर 'वापर नाही' एवढंच लिहून थांबू नका, का ते विचारा. तिथून पुढे खरं प्रकरण चौथे लिहायला घ्या.