वृद्धिस्थानांचा शोध आणि खेळाडूची घडण : ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेमची चिकित्सा

बीजसंज्ञा : मुक्तविश्व खेळ, वृद्धिस्थान, शोधप्रक्रिया, खेळाडू आणि पात्र, मार्गदर्शिका

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक आणि चित्रपट या कलाप्रकारांची चिकित्सा सातत्याने केली आहे. व्हिडिओ गेमचा विचार मात्र बहुधा व्यसन, हिंसा किंवा मुलांचा वाया जाणारा वेळ या अंगांनीच होतो. हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी त्यांतून त्या कृतीच्या रचनेचा आणि आशयाचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट खेळाच्या एकाच रचनातत्त्वाची चिकित्सा केली आहे. पात्राची क्षमता वाढवणारी स्थाने खेळाडूने कशी शोधावीत, हे ते तत्त्व होय.

‘मुक्तविश्व’ खेळात खेळाडूला एक विस्तीर्ण भूप्रदेश मिळतो आणि कोठे, कोणत्या क्रमाने जायचे हे बव्हंशी तोच ठरवतो. या प्रदेशात अशी काही ठिकाणे विखुरलेली असतात की, जेथे पोहोचल्यावर नायकाचे आयुष्य, दम किंवा सामर्थ्य वाढते. अशा ठिकाणांना येथे ‘वृद्धिस्थाने’ असे संबोधले आहे. विवेचनासाठी निन्टेन्डो या जपानी कंपनीचा मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ निवडला आहे. त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि निर्माते एइजी आओनुमा होत.

वृद्धिस्थान सापडल्याने पात्र वाढते, यात शंका नाही. परंतु ते सापडण्याच्या प्रक्रियेत खेळाडूही वाढतो काय, हा या लेखापुढील मूळ प्रश्न आहे.

२. पूर्वपरंपरा

या मालिकेचा पहिला खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे एक कर्ते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळील सोनोबे येथे गेले. तेथील डोंगर-रानांत आणि गुहांत केलेल्या भटकंतीच्या आठवणींतून या खेळाची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. पहिल्या खेळात नायक लिंक तीन हृदयचिन्हांनिशी बाहेर पडतो आणि त्याची मर्यादा सोळा हृदयांची असते. उरलेल्या तेरांपैकी आठ भुयारांत आणि पाच बाहेरच्या प्रदेशात असतात. विशेष म्हणजे वरच्या दर्जाची तलवार हाती येण्यासाठी ठरावीक संख्येने हृदये असावी लागतात. सामर्थ्य आणि पात्रता यांची सांगड अशी प्रारंभीच घातलेली दिसते.

१९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’ या खेळात हृदयाचे चतुर्थांश तुकडे आले. चार तुकडे जमले की एक हृदय पूर्ण होई. असे एकूण चोवीस तुकडे जगभर लपवलेले होते. वृद्धी लहान हप्त्यांत विभागली गेल्यामुळे शोधाच्या जागा वाढल्या आणि प्रत्येक कोपरा धुंडाळण्यास कारण मिळाले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधील व्यवस्था याच सूत्राचा विस्तार आहे.

३. वृद्धीची व्यवस्था आणि तिचे गणित

हायरूल या कल्पित राज्यात ‘श्राइन’ नावाच्या १२० लहान वास्तू पसरलेल्या आहेत. त्यांच्या दृश्यरूपावर जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन संस्कृतीच्या मृत्पात्रांची छाया आहे. प्रत्येक वास्तूत एखादे कोडे किंवा झुंज असते. शेवटी ध्यानस्थ बसलेला एक शुष्कदेह साधू नायकाला ‘स्पिरिट ऑर्ब’ हा तेजोगोल देतो आणि विरून जातो. असे चार गोल देवीच्या मूर्तीपुढे अर्पण केले की खेळाडूने दोहोंपैकी एक निवडायचे असते : आयुष्य दर्शवणारे एक हृदय, अथवा दमाच्या वर्तुळाचा एक अंश.

या व्यवस्थेचे गणित अर्थपूर्ण आहे. १२० गोलांतून तीस वाढी मिळतात. आरंभीची तीन हृदये आणि कथेच्या ओघात मिळणारी चार मिळून सात होतात. तीस हृदयांची मर्यादा गाठण्यास आणखी तेवीस वाढी लागतात. दम पूर्ण करण्यास दहा. एकूण गरज तेहेतीसची आणि उपलब्धता तीसची. म्हणजे मूळ खेळात सर्व श्राइन शोधूनही नायक सर्वार्थाने परिपूर्ण होऊ शकत नाही. तीस हृदये घेतली तर दम अपुरा राहतो आणि दम पूर्ण केला तर हृदये सत्तावीसवर थांबतात. (पुढे पुरवणीरूपाने आलेल्या भागातील जादा श्राइन येथे हिशेबात धरलेली नाहीत.)

ही निवड केवळ आकड्यांची नाही. दम वाढला की अधिक उंच कडे चढता येतात आणि कडे चढता आले की पूर्वी न दिसलेली श्राइन दिसू लागतात. म्हणजे वृद्धीचे फळ पुढील शोधाच्या साधनात रूपांतरित होते. हृदये निवडणारा खेळाडू झुंज अधिक काळ देऊ शकतो, परंतु पाऊस सुरू झाल्यावर निसरड्या कड्याच्या मध्यावर त्याचा दम लवकर संपतो. एकाच प्रदेशाचे दोन खेळाडूंना दोन भिन्न नकाशे दिसतात ते या कारणाने.

४. पाहणे आणि खूण करणे

२००७ च्या ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’नंतर उंच मनोऱ्यावर चढून परिसराचा नकाशा उघडण्याची पद्धत अनेक खेळांत रूढ झाली. मनोऱ्यावरून नकाशा उघडताच त्यावर चिन्हांची गर्दी होते आणि पुढचे काम चिन्हापासून चिन्हापर्यंत जाण्याचे उरते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्येही पंधरा मनोरे आहेत. परंतु ते केवळ भूरूप आणि स्थलनामे उलगडतात; श्राइन कोठे आहे हे नकाशा सांगत नाही. खेळाडूने मनोऱ्यावर उभे राहून दुर्बिणीतून चहूकडे पाहायचे, नारिंगी प्रकाशाने उजळलेली वास्तू हेरायची आणि स्वहस्ते तेथे खूण करायची. नकाशावरची खूण आयती मिळालेली नसते. ती खेळाडूच्या पाहण्याची नोंद असते.

हे पाहणे शक्य व्हावे म्हणून भूप्रदेशाची घडणही विचारपूर्वक केलेली आहे. निर्मात्यांनी २०१७ मध्ये जपानमधील खेळनिर्मात्यांच्या परिषदेत या रचनेचे त्रिकोणाचे तत्त्व मांडले होते. डोंगर, टेकड्या आणि खडक त्रिकोणाकार ठेवले की काही दिसते आणि काही झाकले जाते. चढून जावे की वळसा घालावा, हा निर्णय पांथस्थावर सोपवला जातो आणि वळणापलीकडे नवे काही प्रकटते. अंतरांचा अंदाज येण्यासाठी फुजिबायाशी यांनी आपल्या परिचयाच्या क्योतो शहराच्या नकाशाचा आधार घेतला होता. पायी चालणाऱ्या माणसाच्या अनुभवातून हे मोजमाप आले आहे.

५. रिक्तहस्त होण्याची अट

या खेळातील सर्वोत्तम वृद्धिस्थाने दिसताक्षणी उघडत नाहीत. कास नावाचा एक पक्षिरूप गायक अ‍ॅकॉर्डियन वाजवत ठिकठिकाणी भेटतो. तो जुन्या गीतांतून संकेत देतो आणि त्या संकेताचा अर्थ समोरच्या भूदृश्यात शोधावा लागतो. येथे वाचन आणि निरीक्षण या दोन क्रिया एक होतात.

दोन उदाहरणे विशेष विचारार्ह आहेत. पहिले आग्नेय समुद्रातील ईव्हनटाइड बेटाचे. बेटावर पाऊल ठेवताच नायकाची शस्त्रे, वस्त्रे आणि शिधा काढून घेतला जातो. मिळेल त्या काठीने लढत, झाडाची फळे गोळा करत त्याने तीन गोळे त्यांच्या पीठांवर ठेवले, तरच श्राइन जमिनीतून वर येते. दुसरे उदाहरण रक्तचंद्राच्या रात्रीचे. त्या रात्री अंगावरील सर्व वस्त्रप्रावरणे उतरवून एका पीठावर उभे राहिल्यावरच तेथील श्राइन प्रकट होते.

सामर्थ्य वाढवणाऱ्या स्थानाने आधी जमवलेले सामर्थ्य उतरवून ठेवण्यास सांगावे, ही या दोन्ही प्रसंगांतील विसंगती हेतुपूर्ण आहे. साधने काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते ते खेळाडूचे स्वतःचे असते : शत्रूची चाल ओळखण्याची नजर, वारा, पाऊस, आग यांच्या वर्तनाचे ज्ञान आणि घाई न करण्याची सवय. ईव्हनटाइड बेटावर परीक्षा लिंकची नसते, शंभर तास लिंकला चालवणाऱ्याची असते. पात्राच्या वाढीमागे खेळाडूची वाढ असावी, हा आग्रह येथे सर्वांत स्पष्टपणे व्यक्त झाला आहे.

मास्टर सॉर्डची योजना याच्याशी सुसंगत आहे. ती तलवार धुक्याने भरलेल्या एका अरण्यात आहे. मशालींची रांग संपल्यावर हातातील मशालीच्या ठिणग्या कोणत्या दिशेने उडतात हे पाहून वाट काढावी लागते. तेथे पोहोचूनही तेरा हृदये नसतील तर तलवार उपसताना प्राण जातो. मात्र ती न मिळवताही अंतिम शत्रू गॅनन याच्याकडे जाता येते. प्रारंभीचे पठार सोडल्यानंतर कोणतीही वृद्धी सक्तीची नसते. त्यामुळे शोधाला कर्तव्याचे ओझे राहत नाही.

६. रचनेतील उणिवा

या खेळाची ही भूमिका सर्वत्र टिकून राहते असे मात्र म्हणता येत नाही. पठार सोडल्यानंतर खेळाडूला श्राइनच्या दिशेने ध्वनिसंकेत देणारे एक यंत्र मिळते. ते बंद ठेवता येत असले, तरी चालू असताना दृष्टीची जागा कान घेतात आणि समोरच्या दरीकडे लक्ष न देता ‘टिक टिक’ वाढेल त्या बाजूला पावले वळतात. श्राइनचे अंतर्भागही एकसारखे भासतात. बाहेरच्या प्रदेशाची विविधता आत शिरताच संपते. झुंजीची श्राइन तर एकमेकांच्या आवृत्त्याच आहेत.

दुसरी उणीव मोजदादीची आहे. शस्त्रांसाठी अधिक जागा देणारी ९०० कोरोक बीजे प्रदेशभर लपलेली आहेत. त्यांपैकी ४४१ बीजांत सर्व जागा मिळतात. सर्व बीजे जमवणाऱ्याला हेस्तू या पात्राकडून विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी, निरुपयोगी वस्तू मिळते. संग्रहाच्या हव्यासावर निर्मात्यांनी केलेली ही थट्टा मार्मिक आहे. परंतु हाच खेळ अंतिम शत्रूच्या पराभवानंतर नकाशावर पूर्ततेची टक्केवारी दाखवू लागतो आणि प्रत्येक बीज तीत मोजले जाते. ज्या हव्यासाला हसायचे त्यालाच खतपाणी घालायचे, असे हे दुटप्पी धोरण आहे.

७. तुलना : वारा, मूळ आणि मार्गदर्शिका

२०२० चा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा अमेरिकी स्टुडिओने निर्मिलेला, १२७४ च्या मंगोल आक्रमणावर आधारित खेळ याच प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. तेथे उष्ण झऱ्यात स्नान केल्याने आयुष्य वाढते आणि कोल्हा नायकाला इनारी देवतेच्या स्थानापर्यंत नेतो. पडद्यावरील बाणाऐवजी वारा दिशा दाखवतो. दृश्य म्हणून ही कल्पना रमणीय आहे. तथापि गंतव्य आधी नकाशात निवडून मग वाऱ्यामागे जायचे असल्याने बाणाचे रूप बदलते, कार्य बदलत नाही. कोल्ह्यामागे धावणाऱ्याला प्रदेश वाचावा लागत नाही.

याउलट ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या २०२३ मधील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या उत्तरकृतीत अनुमानाला वाव दिला आहे. तेथे १५२ श्राइन आहेत. त्यांपैकी भूपृष्ठावरील १२० श्राइनच्या नेमके खाली, पाताळप्रदेशात, तेवढीच प्रकाशमुळे आहेत आणि त्यांची नावे वरच्या नावांची उलट रूपे आहेत. हे रहस्य ज्याला उमगले त्याला वरचा नकाशा खालच्यासाठी आणि खालचा वरच्यासाठी वापरता येतो. येथे स्थान सापडते ते विचाराने.

मार्गदर्शिकांचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. श्राइनची संपूर्ण यादी, नकाशा आणि प्रत्येक कोड्याचे उत्तर आज सहज उपलब्ध आहे. ज्यांच्यापाशी वेळ थोडा आहे, अथवा दृष्टी, श्रवण किंवा हालचालींच्या मर्यादेमुळे ज्यांना एखादा टप्पा ओलांडता येत नाही, त्यांच्यासाठी अशी मदत उपयुक्त आणि न्याय्य आहे. अडलेल्या ठिकाणी विचारणे हा शोधाचाच भाग होय. परंतु संपूर्ण प्रवास यादीबरहुकूम केला तर १२० गोल मिळतात, तीस वाढी मिळतात आणि लिंक तेवढाच बलवान होतो. ईव्हनटाइड बेटावर उतरणारा खेळाडू मात्र पहिल्या दिवसाइतकाच अननुभवी राहतो.

८. निष्कर्ष

१) ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये वृद्धिस्थान हे केवळ बक्षिसाचे ठिकाण नाही, ते शोधण्याची रीत हाच कृतीचा मुख्य आशय आहे.

२) हृदय आणि दम यांतील निवड शोधाची पुढील दिशा ठरवते. तीस वाढींच्या मर्यादेमुळे ही निवड अखेरपर्यंत अर्थपूर्ण राहते.

३) ज्या स्थानी जमवलेली साधने उतरवावी लागतात तेथे पात्राचे सामर्थ्य आणि खेळाडूचे कौशल्य यांतील भेद उघड होतो. या कृतीची कलात्मक उंची अशा प्रसंगांत आहे.

४) ध्वनिसंकेत आणि टक्केवारी या सोयी मूळ तत्त्वाशी विसंगत असून त्या शोधाचे मोजदादीत रूपांतर करतात.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न अपरिचित नाही. परीक्षेच्या तोंडावर विकल्या जाणाऱ्या पुस्तकालाही आपल्याकडे ‘गाईड’ असेच म्हणतात. त्यातील तयार उत्तरांवर गुण मिळतात आणि गुणपत्रिका खोटी नसते. फक्त मूळ संहिता एकदाही न वाचलेला विद्यार्थी पुढच्या वर्गात येऊन बसतो. गुण वाढणे आणि विद्यार्थी वाढणे यांत अंतर पडू नये अशी रचना करणे किती कठीण आहे, हे अभ्यासक्रम आखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. या खेळाच्या कर्त्यांना ती रचना सर्वत्र साधलेली नाही. जेथे साधली आहे, ती स्थळे शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनीही अभ्यासावीत अशी आहेत.