'नीतिमत्त्व' : ख्रिस्ती धर्मविचारातील एका शब्दाची चिकित्सा

'नीतिमत्त्व म्हणजे सदाचार' असे उत्तर परीक्षेत सर्रास लिहिले जाते. ते पूर्णतः चूक नाही; पण पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय वाचू लागताच ते अपुरे पडते. तेथे देव अधर्मी माणसाला नीतिमान ठरवतो. ज्याने सदाचार केलेलाच नाही त्याला सदाचारी ठरवणे, हा मराठी वाचकाला सरळ अन्यायच वाटेल.

या अडचणीचा काही भाग भाषांतरातून आलेला आहे. मराठी बायबलने 'नीतिमत्त्व' निवडले, हिंदीने 'धार्मिकता'. तमिळ आणि मल्याळम बायबलमध्ये 'नीती' हाच शब्द आहे, पण त्या भाषांत त्याचा प्रमुख अर्थ न्याय असा होतो. मराठीत मात्र 'नीती' म्हटले की व्यक्तीची वागणूक आठवते. न्यायालय आठवत नाही.

मूळ हिब्रू 'त्सेदाका' नात्याशी बांधलेला आहे. उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात विधवा तामार वेश्येचा वेश घेऊन सासरा यहूदा याच्यापासून गर्भवती होते. तो तिला जाळण्याची आज्ञा देतो. ती त्याचीच मुद्रा आणि काठी पुढे करते, तेव्हा तो कबूल करतो की ती आपल्यापेक्षा अधिक नीतिमान आहे, कारण आपण तिला धाकटा मुलगा दिला नाही. प्रचलित अर्थाने हे वाक्य लागतच नाही. कुटुंबाप्रती असलेले कर्तव्य कोणी पाळले आणि कोणी टाळले, एवढाच येथे प्रश्न आहे. आमोस संदेष्टा तर रुप्यासाठी विकल्या जाणाऱ्या गरिबालाच नीतिमान म्हणतो. त्याच्या चारित्र्याची चौकशी तो करत नाही. वादात बाजू त्याची खरी आहे. मराठी शब्दात ही सामाजिक धार बोथट होते, हा माझ्या मते त्याचा सर्वात मोठा दोष.

ग्रीक 'दिकायोसुने' या शब्दात न्याय आणि नीती दोन्ही सामावतात, आणि त्याचे क्रियापद न्यायालयीन आहे : निर्दोष ठरवणे. लॅटिनमध्ये मात्र त्या क्रियापदाची फोड 'न्यायी बनवणे' अशी होते. मार्टिन ल्युथरने 1545 च्या प्रस्तावनेत सांगितले आहे की 'देवाचे नीतिमत्त्व' या शब्दांचा त्याला तिटकारा होता, कारण त्याला त्यात शिक्षा करणारा न्यायाधीश दिसे. पुढे त्याला ते देवाने विश्वासाद्वारे दिलेले दान आहे असे उमगले. 1547 मध्ये ट्रेंट परिषदेने मांडले की कृपा माणसाला आतूनही बदलते. केवळ ठरवून सोडत नाही. या वादावर ल्युथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सही केली ती 31 ऑक्टोबर 1999 रोजी, ऑग्सबर्ग येथे. मतभेद सगळे मिटले असे नव्हे.

पौल आणि याकोब यांची तुलना करताना विद्यार्थ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. अब्राहामाचा विश्वास त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे उत्पत्तीच्या 15व्या अध्यायातील वचन दोघेही देतात. पौल त्या वेळी सुंता झालेली नव्हती यावर बोट ठेवतो. याकोब तेच वचन इसहाकाला वेदीवर ठेवल्याच्या, म्हणजे 22व्या अध्यायातील प्रसंगाशी जोडतो.