संगीत नाटकाची संहिता आणि तालीम

मराठी संगीत नाटकाविषयी आपल्याकडे जे विवेचन झाले आहे, त्याची रीत बहुधा ठरलेली असते. प्रथम कथानकाचा आढावा घ्यावयाचा, मग स्वभावरेखनाचा विचार करावयाचा आणि शेवटी पदांकडे वळून त्यांतील काव्यगुणांचा निवाडा द्यावयाचा. या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, छापील पुस्तक हेच नाटक होय, आणि ते नाटककाराने आपल्या खोलीत बसून पूर्ण केले व नंतर मंडळीच्या हाती सोपविले. गद्य नाटकाच्या बाबतीत हे गृहीत पुष्कळ अंशी टिकते. संगीत नाटकाच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही, आणि ते टिकत नाही म्हणूनच पदांविषयीचे आपले कित्येक निर्णय फिरून तपासावे लागतात. नाटकाची कल्पना सुचल्यापासून त्याची पहिली तालीम उभी राहीपर्यंत कोणते काम कोणी, कोणत्या क्रमाने केले, हा प्रश्न इतिहासकारापुरता नाही. तो समीक्षेचाही प्रश्न आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

या विचारासाठी शिरोळच्या परिसरात उभे राहणे सोयीचे आहे. हरिपुराशी वारणा कृष्णेला मिळते आणि पुढे शिरोळ तालुक्यात, नरसोबाच्या वाडीस, पंचगंगा तिला येऊन मिळते. या दोन संगमांच्या आसपास संगीत नाटकाला लागणारी सगळी माणसे दोन-तीन पिढ्यांत निपजलेली दिसतात. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ साली सांगलीस झाला आणि त्याच वर्षी शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. गोविंदराव टेंबे १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवड्यास जन्मले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या शिफारशीने किर्लोस्कर मंडळीत गेलेल्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी, १९०५ साली मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम पाऊल टाकले. ही नावे मोजण्यात प्रादेशिक अभिमानाचा हेतू नाही. कवी, तालीममास्तर, चाली देणारा आणि गाणारा नट ही चार कामे एकमेकांपासून कशी सुटी झाली, हे या एकाच टापूतील माणसांच्या आधारे क्रमाने पाहता येते, एवढाच हेतू आहे.

भाव्यांच्या नाटकात आजच्या अर्थाने संगीताची तालीम नव्हती. पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी प्रसंगास अनुसरून आपापली भाषणे उत्स्फूर्तपणे करावयाची, अशी ती पद्धत होती. गाणारा एक आणि अभिनय करणारा दुसरा असल्यामुळे पद व भूमिका यांचा सांधा जुळविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो प्रश्न निर्माण झाला बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्यामुळे. त्यांनी पात्राचे गाणे पात्राच्याच तोंडी घातले. तेव्हापासून ज्याला गळा आहे त्याला अभिनय शिकविणे आणि ज्याला अभिनय येतो त्याच्या गळ्यास झेपेल असे पद रचणे, ही दोन्ही कामे अटळ झाली. संगीत नाटकाची तालीम या संस्थेचा जन्म येथे झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

किर्लोस्करांच्या बाबतीत दोन घटनांकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, तो पहिल्या चार अंकांचा होता. ‘सौभद्र’चा पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला, तोही तीनच अंकांचा, संपूर्ण नाटक १८८३ साली रंगभूमीवर आले. याचा अर्थ उघड आहे. पुढील अंक पूर्णपणे रंगभूमीवर येण्यापूर्वीच मागील अंक तालमीतून आणि प्रेक्षकांसमोरून जाऊन आले होते. कोणता नट किती गाऊ शकतो, कोणती चाल लोकांना रुचते, कोठे गद्य हवे आणि कोठे पद हवे, याचा अनुभव नाटककाराच्या हाताशी होता. ‘रामराज्यवियोग’ तीन अंकांवरच थांबले, कारण १८८५ साली किर्लोस्कर निवर्तले. त्यांचे नाटक मंडळीच्या सहवासात वाढत असे. ते तयार होऊन मंडळीकडे येत नसे.

त्यांच्या पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जी ओळ छापलेली असते, ती आपण सहसा वाचून सोडून देतो. वस्तुतः तो महत्त्वाचा पुरावा आहे. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, कानडी पदे अशा प्रेक्षकांच्या कानांवरून गेलेल्या चाली कवीच्या मनात आधीच घोळत असत आणि शब्द त्यांच्या अंगाने येत. चाल आधी आणि शब्द मागाहून, हा क्रम किर्लोस्करांपासूनचाच आहे. फरक इतकाच की, चाल निवडणारा, शब्द रचणारा आणि तालीम देणारा हे तिघे एकाच देहात होते. शब्द चालीला बोचू लागला तर तक्रार घेऊन दुसऱ्याकडे जावे लागत नव्हते.

देवलांनी या एकत्रित कामातील तालमीचे अंग विशेष वाढविले. किर्लोस्कर मंडळीचे तालीममास्तर म्हणून त्यांनी अनेक नट घडविले. बालगंधर्वांनाही अभिनयाचे पाठ त्यांच्याकडूनच मिळाले. हे ध्यानात ठेवून १८९९ च्या ‘शारदा’तील पदे वाचली, म्हणजे त्यांच्या साधेपणाचे रहस्य उलगडते. तो साधेपणा केवळ कवीच्या वृत्तीचा नाही; नटाला बोलता बोलता गाता यावे आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर यावे, या तालीममास्तराच्या गरजेतून तो आला आहे. शारदेच्या मैत्रिणीच्या तोंडचे थट्टेचे पद घ्या. त्यातील वाक्य घरगुती बोलण्यासारखे सरळ चालते. अन्वयासाठी थांबावे लागत नाही. तेथे चाल शब्दाला ओढत नाही आणि शब्द चालीला अडवीत नाही.

आता ‘मानापमान’कडे वळू. हे नाटक १२ मार्च १९११ रोजी मुंबईस रंगभूमीवर आले. खाडिलकरांचे हे पहिले संगीत नाटक. ‘कीचकवध’ १९०७ सालचे. त्यावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली होती. ओजस्वी गद्याचा हा लेखक किर्लोस्कर मंडळीसाठी संगीत नाटक लिहावयास बसला, तेव्हा त्याच्या मनात कल्पना होती ती विचाराची. धनाचा मान मोठा की शौर्याचा, या प्रश्नावर भामिनी आणि धैर्यधर यांची कथा उभी आहे. कल्पना नाटककाराची, परंतु गाणे त्याचे नव्हते. चाली देण्याचे काम गोविंदराव टेंबे यांच्याकडे आले. टेंबे हार्मोनियमवादक, भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा संस्कार झालेले. त्यांनी ठुमरी, कजरी, होरी अशा पूरबी ढंगाच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसविले. संगीत दिग्दर्शक हा वेगळा मनुष्य मराठी रंगभूमीवर येथे ठळकपणे दिसू लागला.

खाडिलकरांच्या पदांवर क्लिष्टतेचा आरोप जुना आहे. समास आवळलेले, अन्वय उलटापालटा, क्रियापद कोठे तरी दडलेले, असे दोष समीक्षकांनी दाखविले आहेत आणि पुस्तक हाती घेऊन वाचणाऱ्यास ते नाकारता येणार नाहीत. परंतु दोषाचे कारण ‘खाडिलकर कवी नव्हते’ एवढेच सांगून भागत नाही. ठुमरीच्या मुखड्यात शब्द थोडे आणि स्वरांची फिरत पुष्कळ. समेवर येणारे अक्षर उघडे हवे, तान घ्यावयाच्या जागी दीर्घ स्वर हवा, आणि मूळ चीजेतील लघुगुरूंचा साचा शक्य तो मोडावयाचा नाही. एवढ्या बंधनांत, एवढ्या थोड्या अक्षरांत, धन आणि शौर्य यांचा वाद घालावयाचा म्हणजे शब्द एकमेकांवर रचले जाणारच. देवलांपुढे ही अडचण या रूपात आली नव्हती, कारण त्यांच्या पदांना एवढा विचार वाहावयाचा नव्हता आणि त्यांच्या चालींना एवढी फिरत नव्हती. म्हणून देवल आणि खाडिलकर यांची पदे काव्य म्हणून शेजारी ठेवून श्रेष्ठकनिष्ठता ठरविणे ही तुलनाच मुळात सदोष आहे.

याचा अर्थ खाडिलकरांना दोषमुक्त करावे असा नाही. काम वाटून घेतल्याची किंमत नाटकाला द्यावी लागलीच. चाल ज्याची आणि शब्द ज्याचा ते दोघे वेगळे झाले, तेव्हा त्यांच्यामध्ये उभा राहिला गाणारा नट. आणि पद कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू ‘नटाचे’ असे होऊ लागले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी आणि कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र आले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला हा प्रयोग गाजला तो दोन गळ्यांचा संगम म्हणून. धन आणि शौर्य यांचा वाद त्या रात्री कितीजणांनी ऐकला असेल, असा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. पुढे ‘वन्समोअर’च्या मागण्यांनी प्रसंगाचा वेग मोडला, नाटके रात्रभर लांबली, आणि गद्याला दोन पदांमधील दुव्याचे स्थान आले. गायकांच्या लहरीला दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु या घसरणीची शक्यता कामाच्या वाटणीतच होती.

ती शक्यता टाळता येत होती, हेही दाखविता येते. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मूळचे गद्य प्रहसन, ‘फाल्गुनराव’ या नावाचे, १८९३ सालचे. गंधर्व मंडळीसाठी त्यात पदे घातली गेली आणि १९१६ साली ते संगीत नाटक म्हणून आले. घटना आणि संवाद आधीच घट्ट बसलेले असल्यामुळे पदांना तेथे जागा मिळाली ती मोजकी. ‘एकच प्याला’चे उदाहरण अधिक बोलके आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आणि त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचलेली आहेत. नाटककार एक आणि पदकर्ता दुसरा, असा हा पूर्ण विभक्त संसार. तरीही नाटक तुटत नाही, कारण सुधाकर आणि सिंधू यांचा विनाश संवादांनी तोलून धरला आहे. पदे काढून घेतली तरी तो उभा राहतो. उलट टोकाला १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दोन घराण्यांची गायकी हाच संघर्षाचा विषय केला, आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतात जो भेद ऐकू येतो तोच कथेतील भेद ठरला. तेथे गाणे थांबले तर कथाही थांबते. पहिल्या दोन नाटकांत गद्य इतके समर्थ आहे की गाणे त्यास विस्कटू शकत नाही. तिसऱ्यात गाणे हीच मूळ कल्पना आहे. ‘मानापमान’ या दोहोंच्या मध्ये आहे. कल्पना गद्याची आणि वैभव गाण्याचे, हा त्याचा मोहकपणा आणि हेच त्याचे वैगुण्य.

यातून अभ्यासाच्या पद्धतीविषयी काही निष्पन्न होते. संगीत नाटकातील प्रत्येक पदासंबंधी तीन गोष्टी नोंदविल्याखेरीज त्याविषयी मत देऊ नये : चाल कोठून आली, शब्द चालीच्या आधीचे की नंतरचे, आणि पद कोणत्या नटाच्या गळ्यासाठी बसविले गेले. छापील आवृत्तीतील ‘चाल’, राग आणि ताल यांच्या नोंदी पाठभेदांइतक्याच काळजीने तपासल्या पाहिजेत. नटांना पाठांतरासाठी काढून दिलेल्या नकला, तालमीच्या वह्या आणि काटछाट केलेल्या रंगप्रती या साहित्याच्या परिघाबाहेरच्या वस्तू नव्हेत. आज जुनी संगीत नाटके संक्षिप्त करून सादर करताना बहुधा पदे राखली जातात आणि गद्य कमी केले जाते. त्या कात्रीने नाटकाची कल्पनाच कापली जात नाही ना, हे ठरविण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. वास्तू पुन्हा बांधता येते, कारण तिची मोजमापे आणि छायाचित्रे हाती असतात. तालमीची अशी मोजमापे आपण ठेवलेली नाहीत. सांगली, मिरज, कुरुंदवाड, शिरोळ, कोल्हापूर या पट्ट्यातील जुन्या घरांत एखादी नक्कल, एखादी पदांची वही अजून ट्रंकेच्या तळाशी असू शकते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी अकरावा ‘मानापमान’ लिहिण्यापूर्वी अशी एक वही शोधून तिची नक्कल करावी. खाडिलकर कवी होते की नव्हते, हा वाद त्यानंतर घातला तर त्यास काही आधार राहील.