‘उलटलेले सैन्य’ : एका उपमेची तपासणी

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, समजावताना एक उपमा हमखास भेटते : शरीराचे सैन्य शरीरावरच उलटते. वर्गात ती लगेच पटते. बिघाड आपल्याच प्रतिकारयंत्रणेत आहे, एवढे ती बरोबर सांगते. पुढे मात्र ती विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावते, अशी आमची तक्रार आहे.

सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातील पेशी काही प्रथिने स्रवतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ, आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यांतील प्रमुख. त्यांचे काम निरोप्याचे असते. टीएनएफचा निरोप पोचला की रक्तातील पांढऱ्या पेशी सांध्यात उतरतात, अस्तर फुगते, कालांतराने कूर्चा व हाड झिजते. इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत सीआरपी नावाचे प्रथिन बनवते; रक्ततपासणीत मोजतात ते हेच. साध्या जखमेतही असेच निरोप जातात, पण काम झाले की थांबतात. आमवातात ते थांबत नाहीत.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ साली टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडे रुग्णांना दिली. सूज उतरली. सैन्याच्या उपमेनुसार गोष्ट इथेच संपावी. परंतु क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवण्यासही टीएनएफ लागते. अशा औषधानंतर सुप्त क्षय उफाळल्याचे रुग्ण २००१ साली नोंदले गेले. म्हणून औषधापूर्वी क्षयाची तपासणी करतात. उलटलेला सैनिक मारल्याने आपलेच नुकसान कसे होते, हे ती उपमा सांगू शकत नाही.

दुसरा धोका सरसकटीकरणाचा. डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे ४०९२ प्रौढांची पाहणी केली. ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडे, स्नायू वा सांध्यांचे दुखणे होते. आमवात मात्र शंभरात एकालाही नव्हता. बीड जिल्ह्यातील तलवाड्याच्या शाळेत हा धडा ऐकून घरी गेलेला मुलगा, ऊसतोडीवरून परतलेल्या आईचे गुडघेही ‘सैन्याने’ धरले असे समजेल. ओझ्याने दुखणे वेगळे. सकाळी तासभर बोटे न वळणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, ही लक्षणे वेगळी. ती दिसताच डॉक्टर गाठावा. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

निरोपाची उपमाही अपुरीच आहे. पहिला निरोप का निघाला, हे तिच्यातून कळत नाही. तरी ‘मग तो थांबत का नाही?’ असे एखादी विद्यार्थिनी विचारील. शिक्षकांनी तिला तो विचारू द्यावा.