फ्लेक्सवरचे भाऊ आणि भिंतीवरचा चष्मा

खानदेशात सार्वजनिक व्यक्तिचित्रांची टंचाई आहे असे कोणी म्हणालेच, तर त्याने चोपड्याच्या एखाद्या वर्दळीच्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. आप्पा, नाना, अण्णा, जिभाऊ, दादा सगळे हजर असतात. कोणी हात जोडलेले, कोणी गॉगल लावून मोबाइल कानाला धरलेले, पाठीशी भगवे किंवा निळे आभाळ. वाढदिवस, निवड, प्रथम पुण्यस्मरण, दहावीत पहिला आलेला नातू. खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंच्या दोन-तीन रांगा. आपल्या काळातली सर्वाधिक पाहिली जाणारी चित्रकला हीच आहे, आणि कलासमीक्षकाने तिच्याकडे नाक मुरडून पुढे जावे हे मला पटत नाही.

कारण फ्लेक्सने एक मोठे काम केले. गल्लीतल्या माणसाला नावानिशी आणि चेहऱ्यानिशी चौकात लावण्याची सोय त्याने केली. त्याआधी चौकात जागा होती ती महापुरुषाला, नटाला किंवा निवडणुकीतल्या उमेदवाराला. आता किराणा दुकानदाराचा पोरगाही दहा फूट उंच होतो. पण या चित्राचे व्याकरण नीट पाहिले की त्याची गोम कळते. वरच्या पट्टीत नेत्यांची मुंडकी, तीही पक्षातल्या उतरंडीप्रमाणे लहान-मोठी. मध्ये उत्सवमूर्ती. ऑपरेटरने सगळ्यांचे रंग एकाच गोरेपणावर आणून ठेवलेले, गालावरचा वण पुसलेला, डोक्यावर केस वाढवलेले. माणूस काय करतो हे कुठेच दिसत नाही, कोणाचा आहे ते मात्र नेमके कळते. आणि पैसे बहुधा त्यानेच किंवा त्याच्या मित्रमंडळाने मोजलेले असतात. १९९५चा मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा आहे, २०१७मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर कडक निकालही दिला. फ्लेक्स त्यातूनही तरून गेला. आठ दिवसांनी तो उतरतो आणि कडब्याच्या गंजीवर नाहीतर झोपडीच्या छपरावर जातो. तिथे मात्र तो खरोखर उपयोगी पडतो.

या व्यवस्थेत न बसणारी माणसे गावात थोडीथोडकी नाहीत. पहाटे कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचे हे ज्याच्या हातात असते तो व्हॉल्व्हमन. घंटागाडीमागे चालणारी बाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर लसीची पेटी घेऊन जाणारी आशाताई. मुक्कामी एसटीचा वाहक. केळीच्या बागेत घड कापून खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहणारा मजूर, ज्याच्या सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे डाग कोणत्याही साबणाने निघत नाहीत. यांचा फ्लेक्स लागतो तो गेल्यावर, किंवा मुलगा ‘भावी’ काहीतरी झाल्यावर.

मग उरतात सरकारी भिंती. २०१६पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले, पुढे माझी वसुंधरा अभियान आले, आणि नगरपालिकांनी कुंपणे, शाळा, पाण्याच्या टाक्या रंगवून घेतल्या. गांधीजींचा गोल चष्मा, हाताच्या बोटांतून फुटलेले झाड, हंडा घेतलेली मुलगी, ‘पाणी वाचवा’. हे काम दिले जाते चौरस फुटाच्या दराने, आणि या दरातच या कलेचे मरण आहे. चार फुटी चष्म्याला आणि चार फुटी चेहऱ्याला सारखेच पैसे मिळणार असतील तर कोणता पेंटर चेहरा काढेल? चष्मा अर्ध्या तासात होतो, शिवाय ‘आमच्या काकूंसारखा दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी येत नाही. सफाई कामगार या भिंतींवर असतो, पण नाक-डोळे नसलेल्या हसऱ्या बाहुलीच्या रूपात.

म्हणजे फ्लेक्सवर नाव आहे, पण माणसाचे खरे चित्र नाही; सरकारी भिंतीवर चित्र आहे, जसे आहे तसे, पण नाव नाही. सामान्य माणसाच्या सार्वजनिक चित्राची गेल्या शतकातली आपली सगळी कहाणी या दोन टोकांमध्ये अडकलेली आहे.

या कहाणीचे एक सुंदर पान चोपड्याच्या शेजारीच लिहिले गेले. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपड्याहून यावलमार्गे निघाले की फैजपूर लागते. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी त्यासाठी राबले. त्या अधिवेशननगरीची मांडणी आणि सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली होती. सोबत वास्तुरचनाकार म्हात्रे होते. बांबू, गवत, स्थानिक कारागीर, बैलांचा सजवलेला रथ: परिसरात मिळेल त्यातूनच उभे करायचे हा दंडक. एवढ्या मोठ्या चित्रकाराने आपल्या पूर्व खानदेशात येऊन बांबूची नगरी उभारली, याची आठवण फैजपूरच्या राजकीय इतिहासात एखाद्या ओळीवर भागवली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

फैजपूरचा धडा नंदलालांनी दीड वर्षाच्या आत पुढे नेला. चोपड्याच्या दक्षिणेने वाहणारी तापी गुजरातेत उतरते आणि तिच्याच काठी हरिपुरा आहे. फेब्रुवारी १९३८च्या तिथल्या अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टेम्परात शेकडो फलक रंगवले आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना दिसतील असे कमानींवर, मंडपांवर लावले. विषय कोणते? ढोलवाला, शिंपी, सुतार, पैलवान, कान कोरणारा, कांडण करणाऱ्या बाया. देशाच्या सर्वांत मोठ्या राजकीय मेळ्यात नेत्यांच्या तसबिरींऐवजी कष्टकऱ्यांची चित्रे. रेषा अशी की दोन फटकाऱ्यांत पाठीचा बाक उभा राहतो. २०१९मध्ये त्यांतले काही फलक व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात लागले होते. तरीही एक बोच राहते. शिंपी आहे, पण तो कोणता शिंपी? नंदलालांना व्यवसाय रंगवायचा होता, व्यक्ती नव्हे. त्या काळाला ते पुरेसे होते.

पुढे आपण त्याच वाटेने चालत राहिलो. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत, दोघेही अनाम. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आणि वरळीच्या समुद्राकाठी आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पुतळा होऊन उभा राहिला. तो तर मुळातच कोणीही नसलेला माणूस. हाजी अलीजवळ वलय शेंडे यांनी धातूच्या चकत्यांतून घडवलेला डबेवाला देखणा आहे, या यादीत मला तोच अधिक आवडतो, कारण त्याच्या अंगावर कामाचे वजन दिसते. पण तोही ‘डबेवाला’च.

आपल्याकडच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला १९२५ साली जन्मलेले राम सुतार यांची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. चंबळच्या गांधीसागर धरणावरचे त्यांचे शिल्प पाहून नेहरूंना भाक्रा धरणाच्या मजुरांचे पन्नास फुटी ब्राँझ स्मारक त्यांच्याकडून हवे होते. पैशाअभावी ते राहिले. छोटा नमुना तेवढा तयार झाला. त्याच सुतारांच्या आराखड्यावरून २०१८मध्ये १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा नर्मदेकाठी उभा राहिला. धरण बांधणाऱ्या मजुरांना पन्नास फूटही मिळू नयेत यात शिल्पकाराचा काहीच दोष नाही. मागणी कोण नोंदवतो, एवढाच प्रश्न आहे.

नाव आणि चेहरा एकत्र येतात ते आपल्याकडे मृत्यूनंतर. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडलेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ही चौकातलीच पोरे होती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचे स्मारक आहे. त्याही मागे गेले तर वीरगळ: गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना मेलेला कोणी गवळी किंवा पाटील, खालच्या चौकटीत झुंज, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही, गावाला ते ठाऊक होते. देवघरात वीराचा टाक असतो, तो तर घरातल्याच माणसाचा. ही परंपरा थोर आहे, पण तिने आपल्या मनात एक समीकरण पक्के केले: भिंतीवर गेला तो गेला. आजही जिवंत माणसाचे मोठे चित्र भिंतीवर दिसले की ‘केव्हा वारले?’ असा प्रश्न येतो. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये चित्रकार वॉट्स यांनी १९०० साली इतरांना वाचवताना मेलेल्या मोलकरणी, मजूर, पोरे यांच्या नावांच्या फरशा लावल्या. तिथे नाव आणि कृत्य आहे, चेहरा नाही, आणि अट तीच, मरणाची.

जिवंत शेजाऱ्याचा प्रयोग महाराष्ट्रात ठळकपणे झाला तो मुंबईच्या ससून डॉकमध्ये, २०१७च्या अखेरीस. स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या त्या उपक्रमात फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ प्रकल्पाच्या धर्तीवर गोदीतल्या माणसांचे भले मोठे काळे-पांढरे फोटो भिंतींवर चिकटवले गेले. बर्फ फोडणारे, कोळणी, कोळंबी सोलणाऱ्या बाया. चेहरे खरे होते, बघणाऱ्याच्या नजरेला नजर देणारे होते. पण पाहुणे दक्षिण मुंबईतून आले, नाकाला रुमाल लावून सेल्फी काढून गेले, आणि कागद त्याच्या धर्माप्रमाणे सुटत गेला. तो तात्पुरताच असणार होता, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार अशी की फोटोतल्या बाईला तिथे राहणारा प्रत्येक जण ओळखत होता आणि बाहेरच्याला ती शेवटपर्यंत ‘कोळीण’ राहिली.

मराठी साहित्याने हा पेच केव्हाच सोडवला होता. ‘माणदेशी माणसं’ १९४९चे पुस्तक. त्यात प्रत्येकाला नाव आहे, खोड आहे. चित्र-शिल्पात असे धाडस कोणी केले असेल तर सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी. पुण्याचा १९२८चा अश्वारूढ शिवाजी घडवणारा हा शिल्पकार आपल्या गावच्या अंगणात कोळीण, म्हैस, आजूबाजूची माणसे घडवत बसला. मात्र ते अंगण त्यांचे स्वतःचे होते. चौकाने कधी तशी मागणी केली नाही.

आता चोपड्याकडे येऊ. या तालुक्याच्या गावात भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र आहे. पलीकडे खिरोद्याला सप्तपुट ललित कला भवन. म्हणजे या पट्ट्यात चेहरा काढू शकणारे हात दरवर्षी तयार होतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कला महाविद्यालयाच्या व्यक्तिचित्रणाच्या वर्गात जा: समोर स्टुलावर बाजारातून आणलेले कोणीतरी आजोबा बसलेले असतात. फेटा, मिशा, खोल गेलेले डोळे. सुरकुत्या असल्या की चित्र लवकर वठते, म्हणून तरुण मॉडेलला मागणी कमी. पंधरा-वीस मुले पंधरा-वीस कोनांतून त्यांना रंगवतात. त्यातली दोन-तीन चित्रे हमखास चांगली उतरतात. मग ती गुंडाळून कपाटावर जातात. चित्रावर मुलाचा परीक्षा क्रमांक असतो, आजोबांचे नाव बहुधा नसते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमिकांचे शिल्प १९५९पासून आहे. त्यासाठी कला महाविद्यालयाचा पहारेकरी मॉडेल म्हणून उभा राहिला होता असे सांगतात. आपल्या वर्गांत असे पहारेकरी रोज बसतात आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जातात.

म्हणून मला वाटते की गल्लीच्या नायकांची चित्रे काढण्यासाठी मुंबईहून कलावंत बोलावण्याची गरज नाही, आणि ‘नायक’ हा शब्दही जरा जपून वापरावा. कोविडमध्ये आशाताईंना योद्धा म्हणून फुले वाहिली, आणि जून २०२१मध्ये मानधनासाठी त्यांना संपावर जावे लागले. भिंतीवरचे चित्र हातमोज्यांच्या बदली देता कामा नये. शिवाय निवड कोण करणार हा काटा आहेच: प्रभागनिहाय कोटा ठरला की पहिल्याच वर्षी भिंतीचा फ्लेक्स होईल. त्यापेक्षा निवड वर्गावर सोडावी. विद्यार्थ्यांनी व्हॉल्व्हमनसोबत दोन पहाटा फिरावे, पान्हा धरलेला त्याचा हात काढावा, चेहरा नंतर. भिंत त्याच्याच वाटेवरची असावी, म्हणजे नाक चुकले तर तो स्वतः सांगेल.

आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘भिंत रंगविणे, प्रति चौरस फूट’ या ओळीखाली आणखी दोन ओळी लागतील. व्यक्तिचित्र, प्रति नग. बसणाऱ्याची मजुरी, प्रति तास. दुसऱ्या ओळीचा दर ठरवायला समिती नको; कला महाविद्यालये मॉडेलला पैसे देतातच, तोच धरावा. चित्राखालचे नाव मात्र फ्लेक्सवाल्याकडून छापून आणू नये. ब्रशने देवनागरी अक्षर लिहिणारे पेंटर खानदेशात अजून आहेत, आणि त्यांनाही काम हवे आहे.